फोर्क करावा का, आणि केल्यावर परत एकत्र येता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: एका मध्यम आकाराच्या ओपन सोर्स प्रकल्पाचा मुख्य मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारा माणूस, आठ महिने पॅच (इतरांनी पाठवलेले बदल) घेत नाहीये. नियमित काम करणाऱ्या नऊ जणांपैकी पाच जण फोर्क करायला, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढायला, निघालेत, उरलेले चार ‘खुशाल करा’ म्हणताहेत. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत. आत्ता वेगळे झालो तर पुढे एकत्र येता येईल का? आणि नाही आलो तरी लिनक्सवरचे ग्नोम आणि केडीई हे दोन डेस्कटॉप जसं शेजारी राहून काम करतात तसं कसं करायचं?

कोडची प्रत काढायला एक मिनिट लागतं. भांडण होतं ते कोडाबाहेरच्या गोष्टींवरून: नाव कुणाचं, डोमेन कुणाच्या खात्यावर, रिलीजवर सही करायची किल्ली कुणाकडे आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाला. घरातल्या वाटणीत भिंती सहज वाटल्या जातात, विहिरीवर येऊन गाडं अडतं, तसंच हे. म्हणून ‘फोर्क करावा का’ याआधी ‘वेगळं झाल्यावर काय काय सामाईक ठेवायचं’ हे ठरवा. पुढे एकत्र येण्याची शक्यता पहिल्या महिन्याभरात घेतलेल्या निर्णयांवरच टिकते किंवा संपते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. कॉपीराइट एका कंपनीकडे आहे की शंभर जणांत विखुरलेला आहे? मेंटेनर थकलाय की त्याला दिशाच वेगळी हवी आहे? थकलेल्या माणसाला सहकारी मिळवून देता येतो, दिशेच्या वादात तो उपाय चालत नाही. तुमचं सॉफ्टवेअर लोकांचा डेटा साठवतं की ती नुसती लायब्ररी आहे? याची उत्तरं बदलली की खालचा तपशीलही बदलेल.

इतिहासातली एक जोडी मी नेहमी समोर ठेवतो, कारण तिच्यात जवळजवळ सगळं सारखं आहे आणि शेवट उलटा आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये जीसीसी या कंपायलरचं (कोडापासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाचं) काम फार सावकाश आणि बंद दाराआड चाललंय म्हणून काही जणांनी ‘ईजीसीएस’ नावाचा फोर्क काढला. एप्रिल १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याच ईजीसीएसच्या सुकाणू समितीला जीसीसीचं अधिकृत मेंटेनर नेमलं, आणि जुलैमध्ये जीसीसी २.९५ बाहेर आला. वीस महिन्यांत समेट. दुसरीकडे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधून १९९१ च्या सुमारास ल्युसिड कंपनीची आवृत्ती निघाली, तिचंच पुढे एक्सईमॅक्स झालं. फाउंडेशन तेच, जीपीएल परवानाही (बदललेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारा) तोच. पण ते दोन प्रकल्प कधीच एक झाले नाहीत.

मतभेद दोन्हीकडे होते. मोठा फरक कागदपत्रांचा होता. ईजीसीएसच्या लोकांनी वेगळे असतानाही प्रत्येक योगदानाचा कॉपीराइट फाउंडेशनच्या नावे करून घेणं चालू ठेवलं, त्यामुळे परतीच्या दिवशी त्यांचा कोड जसाच्या तसा घेता आला. एक्सईमॅक्समध्ये अनेक लेखकांच्या कोडासाठी असे कागद नव्हते. ज्या कोडाचे कागद नाहीत तो फाउंडेशन घेणार नाही, आणि प्रत्येक जुन्या लेखकाला शोधून सही मिळवणं वर्षांनंतर जवळजवळ अशक्य असतं. म्हणून माझा पहिला सल्ला: मूळ प्रकल्प योगदान घेताना जे मागतो, करारपत्र असो वा ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ (हे योगदान देण्याचा हक्क मला आहे, अशी कबुली), तेच फोर्कमध्येही पहिल्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) मागा. हे काम कंटाळवाणं आहे, पण नंतर भरून काढता येत नाही.

कागदांनंतर परवाना. इथे लोक एक चूक हमखास करतात: ‘दोन्ही परवाने ओपन सोर्स आहेत ना, मग झालं.’ कोड कोणत्या दिशेने वाहू शकतो ते बघा. ऑरॅकलने २०१० मध्ये सन कंपनी घेतल्यावर तिच्या ओपनऑफिस या ऑफिस-संचाच्या समुदायातले बरेच जण बाहेर पडले आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी डॉक्युमेंट फाउंडेशन आणि लिबरऑफिस जाहीर झालं. जून २०११ मध्ये ऑरॅकलने मूळ कोड अपाचे फाउंडेशनला दिला आणि तो अपाचे या सैल परवान्याखाली आला. लिबरऑफिसचं नवं काम मात्र एलजीपीएल आणि एमपीएल या जास्त अटींच्या परवान्यांखाली होतं. परिणाम असा की अपाचे ओपनऑफिसमधलं काहीही लिबरऑफिस घेऊ शकतं, उलट दिशेने काहीच जात नाही. खिडकीच्या उजवीकडची साइडबार घ्या. तिचं मूळ आयबीएमच्या सिंफनी या ऑफिस-संचात, तिथून ती अपाचे ओपनऑफिसमध्ये आली आणि तिथून लिबरऑफिसमध्ये. लिबरऑफिसमधल्या हजारो दुरुस्त्या मात्र पलीकडे जाऊ शकल्या नाहीत. ओपनऑफिसची ४.१ ही आवृत्ती २०१४ ची, आणि त्यानंतर त्याच मालिकेतल्या छोट्या दुरुस्त्याच येत राहिल्या. माणसं कमी होती हे मोठं कारण, पण एकेरी रस्त्याने समेटाचं गणितही बिघडवलं: एका बाजूला देण्यासारखं बरंच होतं, दुसऱ्या बाजूला ते घेता येत नव्हतं.

रेडिस या डेटाबेसचं अलीकडचं उदाहरणही याच जातीचं. २० मार्च २०२४ रोजी रेडिसने बीएसडी हा सैल परवाना सोडला. आठ दिवसांत ७.२.४ या बीएसडी आवृत्तीवरून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की हा फोर्क जाहीर झाला. २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या जीपीएलसारख्या कडक परवान्याचा पर्याय दिला आणि अनेकांना वाटलं की आता वाद मिटला. पण वाल्की बीएसडीवर आहे, म्हणजे वाल्कीतला कोड रेडिस घेऊ शकतं, रेडिसचा नवा एजीपीएल कोड वाल्की बीएसडी राहून घेऊ शकत नाही. तुम्ही फोर्क केलात तर परवाना अक्षरशः तोच ठेवा. ‘जरा कडक करू’ किंवा ‘जरा सैल करू’ हा मोह परतीच्या वाटेवर दार बसवतो, आणि ते एकाच बाजूने उघडतं.

आता गिट, म्हणजे कोडातल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. फोर्कचा संपूर्ण इतिहास सोबत न्या. ‘इनिशियल कमिट’ म्हणून सगळा कोड एकदम टाकला, तर दोन्ही शाखांचा सामाईक पूर्वज हरवतो. मग ‘गिट मर्ज-बेस’ला काही सापडत नाही आणि प्रत्येक देवाणघेवाण हाताने करावी लागते. पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण कोडवर फॉरमॅटर चालवू नका आणि फोल्डरांची फेररचना करू नका. नव्या घरात आल्यावर साफसफाई करावीशी वाटते हे खरं, पण चार स्पेसचा टॅब झाला की समोरून येणारा प्रत्येक पॅच अडतो. अशी कमिट ‘ब्लेम’मधून (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीतून) वगळता येते, मर्जच्या, म्हणजे दोन शाखा जोडण्याच्या, संघर्षातून नाही. प्रकल्पाचं नाव बदलावं लागणारच, पण ते कोडभर शोधून बदलण्याऐवजी एका फाइलमधल्या स्थिरांकात आणा. फंक्शनांच्या नावांतला जुना उपसर्ग तसाच राहू द्या.

समोरचा एखादा बदल घ्यायचा असेल तर ‘गिट चेरी-पिक -एक्स’ वापरा. त्याने मूळ कमिटचा क्रमांक संदेशातच नोंदला जातो आणि मूळ लेखकाचं नावही टिकतं. लेखकाचं नाव पुसलं गेलं की तांत्रिक वाद वैयक्तिक होतो, आणि तिथून परत यायला कोडपेक्षा जास्त वेळ लागतो. काय घ्यायचं राहिलंय ते ‘गिट चेरी’ दाखवतं: मजकुराने सारखे असलेले पॅच वजाची खूण, उरलेले अधिकची. तेच ते संघर्ष वारंवार सोडवावे लागत असतील तर एकदा सोडवलेला संघर्ष लक्षात ठेवणारी गिटची ‘रेरेरे’ सोय चालू करा. आणि हे आठवड्याला करा. आठवड्याचा वीस कमिटचा गठ्ठा एका संध्याकाळी तपासून होतो, सहा महिन्यांचा गठ्ठा कुणीच उघडत नाही.

ध्वनी आणि व्हिडिओ फाइली हाताळणाऱ्या एफएफएमपेगने हे किती टोकाला नेलं ते पाहण्यासारखं आहे. २०११ च्या सुरुवातीला त्या प्रकल्पात फूट पडली आणि मार्चमध्ये वेगळ्या गटाने लिबएव्ही नाव घेतलं. त्यानंतर काही वर्षं एफएफएमपेगचे मायकेल निडरमायर जवळजवळ रोज लिबएव्हीतले सगळे बदल आपल्याकडे मर्ज करत होते. नको असलेला बदलही ‘पाहिला, घेतला नाही’ अशा रिकाम्या मर्जने नोंदवला जायचा, म्हणजे पुढचा मर्ज अडत नसे. त्यामुळे वापरणाऱ्याला एफएफएमपेगमध्ये दोन्हीकडचं मिळायचं, लिबएव्हीत एकाच बाजूचं. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोने (वितरणाने) आधी लिबएव्ही स्वीकारलं होतं, २०१५ मध्ये ते एफएफएमपेगकडे परतलं. त्याच वर्षी निडरमायर यांनी नेतृत्व सोडलं, पलीकडच्यांना परत येणं सोपं जावं हा त्यामागचा एक हेतू होता. लिबएव्ही पुढे थांबलंच.

याच प्रकरणातून नावांचा धडा घ्या. दोन्ही प्रकल्पांच्या लायब्ररींची नावं एकच होती, लिबएव्हीकोडेक वगैरे, आणि आतली फंक्शनं हळूहळू वेगळी होत गेली. कुठली लायब्ररी आहे हे ओळखायला एफएफएमपेगने आपल्या आवृत्तीचा शेवटचा आकडा १०० पासून सुरू केला, आणि प्लेअर लिहिणारे लोक कोडात ‘शेवटचा आकडा १०० किंवा जास्त आहे का’ असं तपासत बसले. ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता त्यांच्या डोक्यावर हे काम आलं. शिवाय डेबियनमध्ये ‘एफएफएमपेग’ आज्ञा दिली की हा प्रोग्रॅम आता विकसित होत नाही, दुसरा वापरा, असा संदेश यायचा. मूळ प्रकल्प जोरात चालू असताना लोकांना तो बंद पडल्यासारखा वाटला. म्हणून लायब्ररीचं नाव, कॉन्फिग फोल्डर, पर्यावरण चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल), पॅकेजचं नाव हे पहिल्या रिलीजआधी बदला. फाइलचं स्वरूप मात्र बदलू नका. डेटाबेस असेल तर त्याची रचना बदलणाऱ्या तुमच्या स्थलांतरांना वेगळी क्रमांकमालिका द्या. दोघांनीही ४२ नंबरचं स्थलांतर वेगवेगळं लिहिलं, तर त्या दिवसापासून वापरणाऱ्याचा डेटा एका बाजूला अडकतो.

आवृत्तीचे आकडेही असेच. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचा फोर्क असलेल्या आयओ.जेएसने २०१५ मध्ये १, २, ३ हे आकडे वापरले तेव्हा नोड ०.१२ वर होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये दोन्ही एकत्र झाले तेव्हा रिलीज थेट ४.० म्हणून निघाली. एकही आकडा दोन अर्थांनी वापरला गेला नाही, त्यामुळे वापरणाऱ्यांचा गोंधळ टळला.

इथपर्यंतचं थोडक्यात: योगदानाचे कागद तेच, परवाना तोच, गिटचा इतिहास अखंड, नावं वेगळी, फाइलचं स्वरूप सामाईक.

फोर्क जाहीर करण्याआधी दोन कामं. एक म्हणजे मालमत्तेची यादी: डोमेनची नोंदणी, रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) संस्थेचा मालकी हक्क, पॅकेज नोंदवह्यांतली नावं, सहीच्या किल्ल्या, भाषांतराचा सर्व्हर, देणग्यांचं खातं, ट्रेडमार्क. प्रत्येकापुढे माणसाचं नाव लिहा. यातलं काहीही न सांगता आपल्याकडे वळवू नका, तो तुमचाच घाम असला तरी. हडसन या बिल्ड आपोआप करणाऱ्या सर्व्हरचं २०११ मध्ये जेनकिन्स झालं, कारण नावावर ऑरॅकलने हक्क सांगितला. समुदायाने मतदान घेऊन नवं नाव घेतलं आणि जवळजवळ सगळे त्यासोबत गेले. नावावर लढत बसले असते तर तेवढाच वेळ गेला असता.

दुसरं काम म्हणजे तारीख घातलेला जाहीर प्रस्ताव. ‘तुम्ही ऐकत नाही’ असं लिहू नका. ‘अमुक दोघांना कमिट हक्क, दर तीन महिन्यांनी रिलीज, उत्तर सहा आठवड्यांत’ असं लिहा. मेंटेनर थकलेला असेल तर बऱ्याचदा इथेच प्रश्न सुटतो. दरम्यान अडकलेले पॅच एका वेगळ्या शाखेत मूळ कोडवर रचून ठेवा. फोर्क झालाच तर तीच शाखा त्याचा पाया होते, न झाल्यास एका बैठकीत मर्ज होते. मोजणीचं म्हणाल तर पाच माणसं ही संख्या फसवी आहे. त्यांतल्या किती जणांनी गेल्या वर्षात स्वतः रिलीज काढली? दोन तरी नसतील आणि सुरक्षेचे अहवाल बघायला तिसरा नसेल, तर मी फोर्क लांबवेन.

सुरक्षेचं वेगळं सांगतो. बोलणं पूर्ण बंद झालं तरी हा एक दुवा तोडू नका. सामाईक कोडात सापडलेली त्रुटी दोघांकडेही असते, आणि एकाने दुरुस्ती आधी जाहीर केली की दुसऱ्याचे वापरकर्ते उघडे पडतात. दोन्हीकडचे दोन-दोन जण, एक खाजगी पत्ता, आणि किती दिवस गुप्त ठेवायचं याची लेखी मर्यादा एवढं पुरतं. लिनक्स डिस्ट्रोंच्या सामाईक खाजगी यादीवर कमाल १४ दिवस आहेत. तोच आकडा घ्या, म्हणजे त्यावर वाद नको.

आता शेजाराचा प्रश्न. केडीई ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झालं आणि ते क्यूटी या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या लायब्ररीवर बांधलेलं होतं, जिचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता. त्यावरून ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोम जाहीर झालं. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आली, म्हणजे वादाचं मूळ कारण संपलं. तरी दोन्ही डेस्कटॉप वेगळे राहिले, कारण तोवर दोघांची घडण आणि विचार वेगळे झाले होते, आणि ते योग्यच झालं. सगळ्या फुटी मिटवायच्या नसतात. पण मार्च २००० मध्येच हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप सुरू केलं होतं. सुरुवातीचं नाव एक्स डेस्कटॉप ग्रुप, आजही कॉन्फिग फोल्डरांच्या चलांपुढे दिसणारं ‘एक्सडीजी’ ते हेच. तिथून आलेल्या गोष्टी छोट्या होत्या: मेनूत दिसणाऱ्या ॲपची ‘.डेस्कटॉप’ फाइल, आयकॉनचे फोल्डर, कॉन्फिग कुठे ठेवायचं. छोट्या असल्यामुळेच त्या दोघांनी स्वीकारल्या. प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या डी-बसचं घ्या. केडीईकडे त्यासाठी आधीपासून डीसीओपी होतं आणि त्याच्या अनुभवावर डी-बसची रचना झाली, पण पायाची लायब्ररी ग्नोमच्या ग्लिब लायब्ररीवरही अवलंबून ठेवली नाही आणि क्यूटीवरही. म्हणून जानेवारी २००८ च्या केडीई ४ मध्ये आपलं स्वतःचं डीसीओपी सोडून डी-बस घेणं केडीईला जमलं.

मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातलं उदाहरण हार्फबझचं. अक्षरांची मांडणी करणारा फ्रीटाइप या फाँट लायब्ररीकडचा जुना कोड ग्नोमच्या मजकूर मांडणाऱ्या पँगोने आणि क्यूटीने आपापल्या परीने वाढवला होता, त्यामुळे जोडाक्षरांच्या चुका दोन ठिकाणी दोनदा दुरुस्त कराव्या लागत. तो कोड हार्फबझमध्ये एकत्र आला, बेहदाद एस्फाहबोद यांनी पुढे तो नव्याने लिहिला, आणि आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस सगळे तोच वापरतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला र वेगळा दिसायला हवा, हे एका जागी बरोबर केलं की सगळीकडे बरोबर दिसतं. तुमच्या दोन गटांतही असा तुकडा असेलच, बहुधा फाइल वाचणारा पार्सर किंवा चाचण्यांचा संच. तो तिसऱ्या रेपोत काढा, त्याला दोघांपैकी कुणाचंही नाव देऊ नका आणि दोन्हीकडून दोघांना मर्जचा हक्क द्या. चाचण्यांपासून सुरुवात करा. ‘या फाइलचा हा अर्थ’ यावर एकमत होणं कोडाच्या रचनेवर एकमत होण्यापेक्षा खूप सोपं आहे.

नियम लिहायचेच असतील तर लिनक्सवर ॲप आणि डेस्कटॉप यांच्यातला संवाद ठरवणाऱ्या वेलँड प्रोटोकॉलचे बघा. तिथे मुख्य नामावकाशात (नावांच्या गटात) नवा प्रोटोकॉल यायला किमान तीन सदस्यांची संमती आणि तीन खुली अंमलबजावणी लागते, आणि एका सदस्याचाही सकारण नकार तो अडवतो. ज्यावर एवढं एकमत नाही त्याच्यासाठी ‘एक्स्ट’ हा सैल नियमांचा वेगळा नामावकाश आहे. खिडकीची चौकट कुणी काढायची, ॲपने की डेस्कटॉपने, यावर केडीई आणि ग्नोम आजही सहमत नाहीत. प्रोटोकॉल आहे, केडीई वापरतं, ग्नोम वापरत नाही, आणि बाकी काम चालू राहतं. नकाराची जागा आधीच ठरलेली असली की नकार आला म्हणून कुणी घर सोडत नाही.

भाषांतर करणाऱ्यांना विसरू नका. मराठीसारख्या भाषेत एखाद्या प्रकल्पाला दोन-तीन स्वयंसेवक असतात आणि फोर्क झाला की तेच काम त्यांना दोनदा करावं लागतं. दोन्हीकडच्या पीओ फाइली (भाषांतराच्या याद्या) ‘एमएसजीकॅट’ने एकत्र करून संग्रह बनवा आणि ‘एमएसजीमर्ज’ला ‘-सी’ (कॅपिटल C) देऊन तो पुरवा. दोन्हीकडे सारखी असलेली वाक्यं आपोआप भरली जातील. त्यासाठी इंटरफेसमधली इंग्रजी वाक्यं उगाच बदलू नका.

आणि समेटाची वेळ आलीच, तर कोड कुणाचा यापासून सुरुवात करू नका. आधी समितीत कोण आणि अडल्यावर निर्णय कसा, हे लिहून घ्या. ईजीसीएसकडे तयार समिती होती म्हणून फाउंडेशनला सूत्रं देता आली, आयओ.जेएसची खुली कार्यपद्धती नोडने उचलली म्हणून ते जुळलं. दोन्ही ठिकाणी व्यवहार एकच झाला: कोड फोर्कचा, नाव मूळचं. तुमच्याकडेही हाच प्रस्ताव बहुधा दोघांना पचेल, कारण पॅच तुमच्याकडे साचलेत आणि ओळख त्यांच्याकडे आहे. जुना रेपो पुसू नका, फक्त वाचनासाठी ठेवा. बगच्या क्रमांकांचे संदर्भ कमिट संदेशांत वर्षानुवर्षं लागतात.

प्रकल्पाचा परवाना कोणता आणि कॉपीराइट कुणाकडे, हे तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. ते इथेच लिहिलंत तर कोणत्या दिशेने कोड जाऊ शकेल हे नेमकं सांगता येईल.